जुना कोड, चालती प्रणाली : वेब ॲप्लिकेशनच्या आधुनिकीकरणाचा आढावा

ब्राउझरमधून वापरली जाणारी, परंतु जिचे खरे काम सर्व्हरवर चालते आणि जिची माहिती डेटाबेसमध्ये साठते, अशा प्रणालीला वेब ॲप्लिकेशन म्हणतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अशा प्रणाली मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी अनेक आजही तिकिटे काढून देतात, बिले तयार करतात, अर्ज स्वीकारतात. त्या ज्यांनी लिहिल्या ते लोक बहुधा दुसरीकडे गेलेले असतात, ज्या भाषेच्या ज्या आवृत्तीत लिहिल्या तिची देखभाल थांबलेली असते, आणि तरीही त्या बंद करता येत नाहीत, कारण कुणाचे तरी रोजचे काम त्यांच्यावर अडलेले असते. अशी प्रणाली आधुनिक करताना तिचा जुना कोड किती ठेवावा, कुठे ठेवावा आणि कोणत्या क्रमाने बदलावा, हा या आढाव्याचा विषय आहे. जुन्या कोडमधली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षे त्यात साठत गेलेले निर्णय, आणि हे निर्णय आधी ओळखून चाचण्यांत बांधून घेतल्याशिवाय कोड ठेवणे काय किंवा टाकणे काय, दोन्ही अंदाजपंचेच ठरते, अशी येथे भूमिका आहे.

‘लेगसी’ हा शब्द या क्षेत्रात सैलपणे वापरला जातो. मायकेल फेदर्स यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याची नेमकी व्याख्या केली : ज्या कोडला चाचण्या नाहीत तो लेगसी कोड. ही व्याख्या वयाचा विचारच करत नाही, म्हणजे तिच्यानुसार काल लिहिलेला कोडही आज लेगसी असू शकतो. ती एकांगी वाटली तरी कामाची आहे, कारण जुन्या कोडची भीती तो जुना असल्यामुळे वाटत नाही. एका ठिकाणी हात लावल्यावर दुसरीकडे काय मोडेल हे कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून वाटते. मेयर लेहमन यांनी १९७४ पासून मांडलेल्या सॉफ्टवेअरच्या उत्क्रांतीच्या नियमांत याची दुसरी बाजू दिसते. वापरात असलेली प्रणाली सतत बदलावी लागते, नाहीतर ती हळूहळू निरुपयोगी होते. आणि बदलत गेली की, मुद्दाम आवरल्याशिवाय, तिची गुंतागुंत वाढत जाते. म्हणजे काहीही न करणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत मोजावी लागते.

कोड स्वतःहून झिजत नाही, त्याच्याखालची जमीन सरकते. पीएचपी या भाषेचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट दिसते, कारण २००० च्या दशकातील असंख्य वेब ॲप्लिकेशन तिच्यातच लिहिली गेली. अर्जात भरलेली किंवा पत्त्यातून आलेली किंमत आपोआप प्रोग्राममधील चल बनून हजर होण्याची जी सोय, ‘रजिस्टर ग्लोबल्स’, सुरुवातीच्या पीएचपीत होती, ती सुरक्षिततेसाठी २००२ साली मूळ मांडणीतून बंद झाली आणि २०१२ साली आलेल्या ५.४ आवृत्तीत भाषेतूनच काढली गेली. मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुन्या धाटणीची फंक्शने डिसेंबर २०१५ मधील ७.० आवृत्तीत गेली. ब्राउझरच्या बाजूनेही तसेच घडले : ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला, तर जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त झाला. ज्या प्रणालीने या तिन्ही-चारी गोष्टींवर भिस्त ठेवली होती, तिच्यातली एकही ओळ कुणी न बदलता ती मोडली.

उशीर केल्यास किती मोठी किंमत मोजावी लागते, हे इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीच्या प्रकरणात २०१७ साली दिसले. ग्राहकांच्या तक्रारी स्वीकारणाऱ्या तिच्या वेब प्रणालीत वापरलेल्या अपाचे स्ट्रट्स या घटकातील दोषावर मार्चमध्येच दुरुस्ती उपलब्ध झाली होती, पण ती तेथे बसवली गेली नाही, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये काढलेल्या अहवालानुसार त्या पोर्टलच्या मागची मूळ प्रणाली १९७० च्या दशकातली होती. जुने गाभ्याचे काम वेबवर आणताना वरचा दरवाजा नवा लावला, पण घरात कुठे काय आहे याची यादी कुणाकडे नव्हती, असा त्या अहवालाचा एकूण सूर आहे.

मग सगळेच नव्याने का लिहू नये, हा प्रश्न प्रत्येक संघात उठतो. फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात दुसऱ्या प्रणालीच्या धोक्याविषयी लिहिले : पहिली प्रणाली जपून, हात राखून बांधली जाते, दुसऱ्या वेळी मात्र पहिल्या वेळी मनात राहिलेले सगळे तीत कोंबले जाते. त्याच पुस्तकात पहिली आवृत्ती टाकून देण्याची तयारी ठेवा असाही सल्ला होता, आणि १९९५ च्या आवृत्तीत ब्रूक्स यांनी तो प्रांजळपणे मागे घेतला, कारण टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची वाट तो सल्ला गृहीतच धरत नव्हता.

या चर्चेतले गाजलेले उदाहरण नेटस्केपचे. या कंपनीने मार्च १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, तो सुधारत बसण्यापेक्षा नव्या पायावर ब्राउझर उभारायचे ठरले. चौथी आवृत्ती १९९७ ची, पाचवी कधी आलीच नाही आणि सहावी नोव्हेंबर २००० मध्ये आली. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने बाजार काबीज केला. एप्रिल २००० मध्ये जोएल स्पॉल्स्की यांनी या निर्णयावर लिहिलेला निबंध अजूनही वाचला जातो. जुन्या कोडमधल्या ज्या विचित्र, अगम्य ओळी नव्या प्रोग्रामरला घाण वाटतात, त्यांतली प्रत्येक ओळ कुठल्यातरी खऱ्या दोषाची दुरुस्ती असते आणि पुनर्लेखनात ते सगळे ज्ञान फेकले जाते, हा त्यांचा मुद्दा. तो बहुतांशी पटणारा आहे. तरीही या कथेचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही : त्याच पुनर्लेखनातून आलेल्या गेको या इंजिनावर नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० उभा राहिला. तंत्र टिकले, ज्या कंपनीने त्याचा खर्च उचलला ती मात्र टिकली नाही. पुनर्लेखन अशक्य असते असे नेटस्केपवरून सिद्ध होत नाही. ते होईपर्यंत संस्थेला तग धरता आला पाहिजे, एवढे मात्र सिद्ध होते.

पुनर्लेखन केव्हा स्वस्त असते याचे उत्तर विकिपीडियाच्या इतिहासात मिळते. जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू झाला तो यूजमॉडविकी या पर्ल भाषेतल्या तयार प्रोग्रामवर. जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के यांनी पीएचपीत लिहिलेली प्रणाली आली आणि तीही वाढत्या वर्दळीला अपुरी पडल्यावर ली डॅनियल क्रॉकर यांनी केलेले पुनर्लेखन जुलै २००२ मध्ये लागू झाले. पुढे मीडियाविकी या नावाने ओळखली जाऊ लागलेली प्रणाली ती हीच. दीड वर्षात दोनदा पाया बदलला गेला, कारण तेव्हा प्रणाली लहान होती आणि तिच्यावर विसंबलेले लोकही थोडे होते. त्यानंतर मात्र सगळे पुन्हा लिहिण्याचा मार्ग कुणी धरला नाही. मे २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया आजही त्याच वंशातल्या कोडवर चालतो आणि त्या कोडचे भाग एकेक करून इतके बदलले गेले आहेत की दोन टोकांतले साम्य शोधावेच लागेल.

या हळूहळू बदलण्याच्या रीतीला मार्टिन फाउलर यांनी २००४ साली नाव दिले ते एका वृक्षावरून. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या जंगलात त्यांनी पाहिलेले अंजीरवर्गीय वृक्ष दुसऱ्या झाडाच्या माथ्यावर रुजतात, मुळे खाली जमिनीत सोडतात आणि सावकाश मूळ झाडाची जागा घेतात. ताडावर उगवलेला वड किंवा पिंपळ पाहिलेल्या मराठी वाचकाला हे चित्र परके नाही. वेबवर ही रीत सोयीची पडते याला तांत्रिक कारण आहे. वेब ॲप्लिकेशनमध्ये प्रत्येक काम वेगळ्या पत्त्यावर येणारी वेगळी विनंती असते, त्यामुळे सर्व विनंत्या आधी एका मध्यस्थ सर्व्हरकडे, म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सीकडे, घेता येतात आणि कोणता पत्ता जुन्या कोडकडे धाडायचा, कोणता नव्याकडे, हे तेथे ठरवता येते. आज फक्त ‘पासवर्ड बदला’ हे पान नवे आहे, पुढच्या महिन्यात शोधाचे पान नवे होईल, आणि काही बिनसले तर मध्यस्थाच्या मांडणीतली एक ओळ बदलून जुने पान परत येईल. परतीची ही वाट उघडी राहणे हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे.

काही वेळा गाभा न बदलता त्याच्याभोवती नवे आवरण घालणे हेच शहाणपणाचे असते. भारतीय रेल्वेची आरक्षण प्रणाली १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वाढत गेली आणि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद अशा पाच केंद्रांवर विसावली. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली तेव्हा खिडकीवरच्या कारकुनासाठी बांधलेल्या त्या गाभ्याचाच आधार घेतला गेला. २०१४ साली वेबचा पुढचा भाग नव्या, अधिक क्षमतेच्या प्रणालीने बदलला गेला, तरी आसनांचा हिशेब ठेवणारा गाभा मागे राहिलाच. एकच आसन दोघांना जाणार नाही याची हमी ज्या कोडने वर्षानुवर्षे दिली आहे, त्याला केवळ तो जुना आहे म्हणून हात लावण्याचे कारण नसते.

प्रत्यक्ष कोडच्या पातळीवर काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. २००३ च्या सुमाराचे पीएचपीतले ठरावीक पान म्हणजे एकच फाइल : वरच्या चार ओळींत डेटाबेसची जोडणी, मग वापरणाऱ्याने भरलेला मजकूर तसाच जोडून बनवलेला प्रश्न, मग टेबल आखणारे एचटीएमएल, आणि त्या टेबलाच्या मध्येच विलंब शुल्क किती लावायचे याचा हिशेब. या फाइलमधली जोडणी, प्रश्न आणि मांडणी तिन्ही टाकाऊ आहेत. पण हिशेब टाकाऊ नाही. त्यात एखादी अट असते की अमुक तारखेपूर्वीच्या सभासदांना शुल्क लावू नये, आणि तिचे कारण कोणत्याही कागदावर नसते. फेदर्स यांनी अशा कोडसाठी सुचवलेल्या चाचण्या वेगळ्या स्वरूपाच्या आहेत : कोडने काय करायला हवे हे त्या विचारत नाहीत, तो आज काय करतो तेवढेच नोंदवून ठेवतात. वेगवेगळ्या तारखा, वेगवेगळे सभासद देऊन मिळालेले निकाल जसेच्या तसे चाचणीत लिहायचे, चूक वाटले तरी; मग हिशेबाच्या ओळी त्या फाइलमधून उचलून स्वतंत्र फंक्शनमध्ये ठेवायच्या, निकाल तेच येतात का पाहायचे, आणि त्यानंतरच ते फंक्शन नव्या चौकटीतून बोलवायचे. असे केले की जुन्या ओळी नव्या घरात नांदतात आणि त्यांच्याभोवतीचे धोकादायक सामान मागे पडते. जुन्या कोडचा पुनर्वापर म्हणतात तो याला. संपूर्ण फाइल नव्या सर्व्हरवर नुसती उचलून ठेवणे याला स्थलांतर म्हणता येईल, आधुनिकीकरण नव्हे.

हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर गिटहबने वापरली. ‘सायंटिस्ट’ या त्यांच्या साधनात एका विनंतीसाठी जुना आणि नवा असे दोन्ही कोड चालवले जातात, वापरणाऱ्याला उत्तर जुन्याचेच मिळते, आणि दोहोंत फरक पडला तर त्याची नोंद होते. फरक दिसला म्हणजे चूक नव्याचीच असते असे नाही. पण अशा तुलनेला एक मर्यादा आहे : माहिती वाचणारा कोड दोनदा चालवता येतो, पैसे वळते करणारा किंवा पत्र पाठवणारा नाही. याच कंपनीने आपली मुख्य प्रणाली रेल्स या चौकटीच्या ३.२ आवृत्तीवरून ५.२ वर नेली, तेव्हा सुमारे दीड वर्ष एकच कोड दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा ठेवला गेला आणि २०१८ मध्ये जुनी आवृत्ती काढली गेली. वेगळी शाखा काढून तीत गुपचूप काम करत राहण्यापेक्षा हा मार्ग कष्टाचा आहे, पण त्या काळात रोजची कामे थांबत नाहीत.

कोडऐवजी त्याच्याखालचे इंजिन बदलण्याचीही एक परंपरा आहे. फेसबुकपाशी पीएचपीचा प्रचंड कोड होता. तो पुन्हा लिहिण्याऐवजी त्यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये पीएचपीचे सी++ मध्ये रूपांतर करणारे हिपहॉप जाहीर केले, त्यातून पुढे एचएचव्हीएम हे इंजिन घडले, आणि मार्च २०१४ मध्ये हॅक ही पीएचपीतूनच निघालेली भाषा आली, जीत प्रकारांची तपासणी फाइलगणिक हळूहळू वाढवता येत असे. विकिमीडियाने २०१४ साली एचएचव्हीएम स्वीकारले. पण त्याचा रस्ता पीएचपीपासून दूर जाऊ लागल्यावर, आणि पीएचपी ७ तितक्यात बरेच वेगवान झाल्यावर, २०१९ मध्ये पुन्हा मूळ पीएचपीची वाट धरली. उसने इंजिन घेताना ते देणाऱ्याची दिशा आपल्या दिशेशी किती काळ जुळेल हेही पाहावे लागते.

आधुनिकीकरणावरच्या लेखनात कोडविषयी भरपूर आणि माहितीविषयी फार थोडे लिहिलेले आढळते, आणि ही मोठी उणीव आहे, कारण कोड बदलता येतो पण वीस वर्षांच्या नोंदी पुन्हा गोळा करता येत नाहीत. मराठी प्रणालींसाठी तर हा प्रश्न कोडपेक्षा अवघड आहे. भारतीय लिपींसाठीचे इस्की हे मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती दोन्ही १९९१ ची. तरी २००० च्या दशकात पुष्कळ काळ मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टवर आधारलेल्या संकेतांतच साठवला गेला. अशा फॉन्टमध्ये मजकूर दिसतो तसा साठतो. ‘मार्मिक’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी ‘म’च्या आधी दिसते म्हणून आधी साठते, आणि रफार ‘म’च्या डोक्यावर दिसतो म्हणून ‘म’नंतर साठतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : र, हलन्त, म आणि मग वेलांटी. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला चिन्हामागे चिन्ह बदलून चालत नाही. जोडाक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ओळखून वेलांटी पुढे आणि रफार मागे न्यावा लागतो. त्यात अर्ध्या ‘र’ची भर : ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि दुसऱ्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्येही दोन रीतींनी लिहिता येतो. दोन्ही रीती एकच धरण्याची व्यवस्था केली नाही, तर पडद्यावर सारखीच दिसणारी नावे शोधात एकमेकांना सापडत नाहीत.

युनिकोडमध्ये साठवलेला मजकूर सुरक्षित असतो असेही नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत ‘म’ तीन बाइटांत मावतो. मायएसक्यूएलमध्ये ८.० आवृत्तीपूर्वी काही न सांगता बनवलेला रकाना लॅटिन-१ चा असे, आणि जोडणीही तशीच असेल तर ते तीन बाइट तीन स्वतंत्र युरोपीय चिन्हे म्हणून साठत : डोक्यावर खूण असलेला रोमन ‘ए’, चलनाचे चिन्ह आणि वर्तुळात बसवलेली नोंदणीकृत मुद्रेची खूण. वाचतानाही तीच गफलत उलट्या दिशेने होत असल्यामुळे जुन्या पानावर ‘म’ बिनचूक दिसतो. दोन चुका एकमेकींना सावरून असतात. नवा कोड जोडणी योग्य यूटीएफ-८ ने करतो आणि त्याच क्षणी सगळी नावे चिन्हांच्या गर्दीत हरवतात; दोष नव्या कोडवर ढकलला जातो, प्रत्यक्षात त्याने पहिल्यांदा खरे दाखवलेले असते. अशा रकान्याची मर्यादा २५५ असेल तर त्यात देवनागरीची ८५ चिन्हेच मावतात, आणि काने-मात्रे वेगळे मोजले जात असल्यामुळे लांबलचक पत्ता मध्येच तुटतो. तुटलेला भाग कोणत्याही रूपांतराने परत येत नाही. म्हणून माहितीची तपासणी कोडला हात लावण्याआधी व्हायला हवी, आणि ती मराठी वाचता येणाऱ्या माणसाने नमुने डोळ्यांखालून घालून करायला हवी.

सगळी माहिती आणि सगळे ग्राहक एका सप्ताहान्तात नव्या प्रणालीवर नेण्याचा परिणाम ब्रिटनमधील टीएसबी या बँकेत एप्रिल २०१८ मध्ये दिसला. माहिती नीट पोहोचली, पण नवी प्रणाली भार पेलू शकली नाही, १९ लाख ग्राहक आपल्या खात्यांबाहेर अडकले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. दुसऱ्या टोकाला संकेतस्थळे उभारण्याची ड्रुपल ही प्रणाली आहे : नोव्हेंबर २०१५ मधील आठव्या आवृत्तीने सिम्फनी या चौकटीचे घटक घेऊन अंतरंग इतके बदलले की सातव्या आवृत्तीवरील संकेतस्थळांना ती बढती जवळजवळ नवे बांधकामच ठरली. सातव्या आवृत्तीचा आधार अनेकदा लांबवून अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, आणि ज्यांना जुनी घडणच हवी होती त्यांच्यासाठी बॅकड्रॉप ही वेगळी शाखा निघाली. नवी घडण अधिक चांगली होती यात शंका नाही. पण पूल न बांधता पलीकडचा काठ सुधारला की लोक अलीकडेच थांबतात.

यांत्रिक रूपांतराची साधनेही आता प्रौढ झाली आहेत. पीएचपीसाठी रेक्टर, पायथनसाठी टू-टू-थ्री अशी साधने ठरावीक नियमांनी कोड बदलतात, आणि मोठी भाषिक प्रारूपे अनोळखी कोड समजावून सांगण्यात उपयोगी पडू लागली आहेत. तरी पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आला आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, म्हणजे साधन पहिल्यापासून हाताशी असूनही अकरा वर्षे लागली. वाक्यरचना बदलणे सोपे होते. मजकूर आणि बाइट यांच्यातला भेद प्रत्येक प्रणालीला आपापल्या माहितीसमोर बसून सोडवावा लागला.

हळूहळू बदलण्याच्या पद्धतीचेही स्वतःचे अपयश असते, आणि तिचे समर्थक त्याबद्दल पुरेसे बोलत नाहीत. बहुतेक पाने नवी होतात, उरलेली अवघड असतात, पैसा आणि उत्साह संपतो, आणि दोन प्रणाली शेजारी शेजारी चालत राहतात. आता दोन्ही शिकणारी माणसे लागतात, दोन्ही डेटाबेस एकमेकांशी जुळवणारा तिसरा प्रोग्राम लागतो, आणि तोच पुढचा लेगसी कोड होतो. म्हणून जुना भाग काढून टाकण्याचे काम सुरुवातीच्या आराखड्यातच, तारीख आणि जबाबदार माणूस यांसह असायला हवे. त्यासाठी लागणारा पुरावा सर्व्हरच्या नोंदींत असतो : कोणता जुना पत्ता कुणी शेवटचा कधी मागितला, हे त्या सांगतात. तीन महिने कुणी फिरकले नाही म्हणून पान काढले आणि ३१ मार्चनंतर वार्षिक ताळेबंदाचा अहवाल निघेनासा झाला, असे घडू नये यासाठी नोंदी किमान पूर्ण आर्थिक वर्षाच्या पाहाव्या लागतात. काढलेल्या पत्त्यांवर नव्या पानाकडे कायमचे वळण ठेवावे लागते, कारण ते पत्ते लोकांच्या खुणांत, पत्रांत आणि दुसऱ्यांच्या पानांवर शिल्लक असतात. दोन डेटाबेस जुळवणारा प्रोग्राम सर्वांत शेवटी बंद करायचा, आणि त्याआधी नव्या डेटाबेसमधून निघालेला एक संपूर्ण ताळेबंद जुन्याशी रुपयान् रुपया जुळवून पाहायचा.